पत्र्यातला नट जागेवरच फिरतो, बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मळणी यंत्राचं बाजूचं झाकण, ट्रॅक्टरचं मडगार्ड, बॉनेटची जाळी, पेरणी यंत्राच्या खतपेटीचं झाकण, कडबाकुट्टीच्या पट्ट्यावरचं कव्हर. सगळीकडे एक ते दोन मिलिमीटरचा पत्रा आणि त्यात धरलेले एम-६ किंवा एम-८ (६ किंवा ८ मिमी जाडीचे) बोल्ट. तक्रारही सगळीकडे तीच: चारांपैकी ठरावीक एकच बोल्ट सैल होतो, नवा टाकला तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. असं होत असेल तर दोष बहुतेक वेळा बोल्टात नसतो. तो भोकात, पत्र्यामागच्या नटात किंवा झाकणाच्या हादऱ्यात असतो. म्हणून बोल्ट बदलत राहून काही साधत नाही.

लक्षणं

बोल्ट फिरतच राहतो, ना आवळतो ना बाहेर येतो. याचा अर्थ पत्र्यामागचा नट बोल्टाबरोबर फिरतोय. रिव्हेट नट (भोकात घालून मागे फुगवलेला नट) असेल तर त्याची भोकातली पकड सुटली आहे, वेल्ड नट असेल तर वेल्डिंगचे टाके तुटले आहेत.

बोल्ट बाहेर येतो, पण आवळताना कधीच घट्ट लागत नाही आणि ओढला तर हातात येतो. आटे गेले. बोल्टाच्या आट्यांत चकचकीत लोखंडी तार गुंडाळल्यासारखी दिसली, तर ते नटाचे सोललेले आटे आहेत.

बोल्ट दोन-तीन फेऱ्या हाताने जातो आणि मग एकदम जड होतो. एक तर घाण, रंग किंवा गंज, नाहीतर चुकीच्या आट्यांचा बोल्ट.

बोल्ट घट्ट लागतो, पाना पुढे हलत नाही, तरी झाकण खडखडतं. हे लक्षण सगळ्यात फसवं. बोल्ट घट्ट आहे, पण झाकणावर दाब देत नाही.

भोक लांबट झालंय, कडेला चांदणीसारख्या चिरा आहेत, किंवा नट पत्र्यातून आरपार ओढला गेलाय. इथे पत्राच संपलेला असतो. नट कितीही चांगला आणला तरी तो टिकणार नाही.

पत्र्यात आटे का टिकत नाहीत

हिशेब सोपा आहे. एम-६ बोल्टाच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी, एम-८ चं १.२५ मिमी. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिमी जाड, १६ गेजचा १.६, २० गेजचा ०.९. म्हणजे १८ गेजच्या पत्र्यात थेट टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला तर एम-६ चा जेमतेम एक आटा मिळतो आणि एम-८ चा तोही पूर्ण नाही. साधा एम-६ नट सुमारे ५ मिमी उंच असतो, त्यात पाच आटे पकडतात. म्हणूनच पत्र्यामागे काहीतरी लागतंच: वेल्ड केलेला नट, रिव्हेट नट, कडेवर सरकवायचा क्लिप नट किंवा आटे पाडलेली पट्टी. पत्र्यात थेट बसणारा एकच प्रकार, पत्र्याचा स्क्रू. पण तो दर आठवड्याला उघडायच्या झाकणासाठी केलेला नाही, दर वेळी काढता-घालता तो आपलंच भोक थोडं थोडं खातो.

हात लावण्याआधी

इंजिन बंद, चावी खिशात, पीटीओ (ट्रॅक्टरमागून यंत्र फिरवणारा शाफ्ट) सुटलेला. मळणी यंत्राचं चाक पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. जड फ्लायव्हील पट्टा सुटल्यावरही बराच वेळ फिरत राहतं.

१. खडूची रेघ (खर्च शून्य)

बोल्टाच्या डोक्यापासून झाकणावर आणि तिथून पुढे मूळ सांगाड्याच्या पत्र्यावर खडूने किंवा रंगाने एक सलग रेघ ओढा. यंत्र अर्धा तास चालवा आणि बंद करून बघा. डोक्यावरची रेघ फिरलेली असेल तर बोल्ट सुटतोय. डोकं आणि झाकण जुळतं, पण झाकणाची आणि सांगाड्याची रेघ तुटलेली असेल तर झाकण सरकतंय. नटाची मागची बाजू दिसत असेल तर तिथेही रेघ मारा.

ही तपासणी फुकट आहे, तरी ती टाळून लोक थेट हार्डवेअरच्या दुकानात जातात. ती महत्त्वाची का, तर बोल्ट सैल होण्याचं मुख्य कारण आडवी सरक हेच असतं. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिलं: जोड आडवा मागे-पुढे सरकत राहिला की बोल्ट स्वतःहून उलटा फिरू लागतो. पत्र्याचं झाकण नेमकं हेच करतं. भोक मोठं, बोल्ट बारीक, वर थ्रेशरचा हादरा. सरक थांबवल्याशिवाय बोल्ट थांबत नाही.

२. आटे साफ करा आणि जुळवून बघा

बोल्ट काढा, तारेच्या ब्रशने घासा, डिझेलमध्ये बुडवून पुसा. माहीत असलेला चांगला एम-६ किंवा एम-८ नट त्यावर हाताने फिरवा. शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. मग उलट करा: नवा, माहितीतला बोल्ट पत्र्यातल्या नटात हाताने फिरवा. अडला तर आत रंग किंवा खताचा थर आहे. एम-६ च्या टॅपने अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे करत साफ करा. टॅप नसेल तर जुन्या बोल्टाला कानशीने लांबीत एक खाच पाडा आणि तेल लावून तोच फिरवा. मऊ घाण निघण्यापुरतं ते काम करतो.

इथेच सुतीचा घोळ पकडला जातो. जुन्या अवजारांवर आणि मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या मॉडेलांवर इंची बोल्ट असतात: दोन सुती म्हणजे पाव इंच, अडीच सुती म्हणजे ५/१६, तीन सुती म्हणजे ३/८. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिमी जाड. एम-८ जवळ धरला तर नजरेला फरक कळत नाही, डोकंही जवळपास तेवढंच. पण जाड आट्यांच्या अडीच सुतीला एका इंचात १८ आटे, म्हणजे अंतर १.४१ मिमी. एम-८ चं १.२५. त्यामुळे तो एम-८ नटात दीड-दोन फेऱ्या जातो आणि अडतो. मग कोणीतरी लांब पाना लावतं आणि नट कायमचा जातो. तीन सुती आणि एम-१० ची जोडी तर आणखी वाईट: ९.५ मिमीचा बोल्ट एम-१० नटात सैलसर आत शिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की आटे सोलून बाहेर येतो. दोन बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरा. मध्ये कुठेही फट दिसली तर ते एका जातीचे नाहीत. एका यंत्रासाठी एकच पद्धत ठरवा आणि दुसऱ्या जातीचे बोल्ट त्या डब्यात ठेवूच नका.

३. बोल्टाची लांबी

घट्ट लागूनही झाकण खडखडत असेल तर जवळजवळ नक्की अर्ध्या आट्यांचा बोल्ट लागलाय. त्याच्या डोक्याखालचा काही भाग गुळगुळीत असतो. जाड लोखंडात तो भाग लोखंडात सामावतो. पत्र्यात तो जाऊन नटाच्या तोंडावर अडतो, पाना थांबतो, पण डोकं झाकणाला टेकलेलंच नसतं. पत्र्यासाठी नेहमी पूर्ण आट्यांचा बोल्ट घ्या. दुकानात ‘फुल थ्रेड’ म्हणून मागा.

लांबी इतकी हवी की बोल्ट नटाबाहेर दोन आटे दिसेल. एम-६ साठी बहुतेक झाकणांना १६ किंवा २० मिमी पुरते. त्याहून लांब नको: आत पट्टा, पंखा किंवा वायरिंग असेल तर जास्तीचं टोक तिथे घासतं. खतपेटीत ते टोक खत धरून ठेवतं आणि आधी गंजतं.

४. वॉशर

एम-६ चा साधा वॉशर १२ मिमी व्यासाचा. पातळ पत्र्यात तो सगळा दाब भोकाच्या कडेवरच देतो, पत्रा बशीसारखा आत दबतो आणि आवळलेला ताण निघून जातो. मोठा, मडगार्डचा वॉशर मागा: एम-६ साठी १८ ते २५ मिमी, एम-८ साठी २४ ते ३० मिमी, किमान दीड मिमी जाड. त्यातून दाब पसरतो आणि झाकण घर्षणाने धरलं जातं. सरक थांबवणारी खरी गोष्ट हे घर्षण आहे.

स्प्रिंग वॉशरवर फार भिस्त ठेवू नका. पातळ पत्र्यावर थेट लावला तर तो रंग खरवडतो, तिथून गंज सुरू होतो आणि आडव्या हादऱ्यात तो फारसं धरत नाही. मागून हात पोचत असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावा. सायलेन्सरजवळ मात्र तो नको, साधारण १२० अंशांवर त्यातलं नायलॉन निकामी होतं. हात पोचत नसेल तर आटे कोरडे करून निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंक) लावा. निळंच, कारण ते साध्या पान्याने उघडतं. लाल लावलं तर उघडताना रिव्हेट नट फिरेल आणि आपण पहिल्या लक्षणावर परत येऊ.

आवळण्याबद्दल एक गोष्ट. ८.८ ग्रेडचा (मजबुतीचा दर्जा) एम-६ बोल्ट जाड लोखंडात सुमारे १० न्यूटन-मीटर घेतो. एक मिमी पत्र्यातल्या रिव्हेट नटाला ५-६ वर थांबा. म्हणजे दहाचा आखूड पाना, मनगटाचा जोर, कोपराचा नाही. बॅटरीवरची इम्पॅक्ट गन इथे वापरू नका.

५. भोक मोजा

आता नट काढायची वेळ. नट भोकात फिरत असेल तर आधी बोल्ट बाहेर काढावा लागेल. नटाच्या कॉलरखाली (पत्र्यावर टेकलेल्या कडेखाली) पातळ छन्नी किंवा रुंद स्क्रू ड्रायव्हर घुसवा, बाहेर रेटा आणि तो दाब ठेवून बोल्ट उलटा फिरवा. तेवढ्याने बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर ग्राइंडरने डोकं उडवा. त्याआधी आजूबाजूचा भुसा, काडीकचरा पूर्ण झाडा, शेजारी पाण्याची बादली ठेवा. मळणीच्या खळ्यावर ठिणगीने आग लागायला वेळ लागत नाही.

जुना रिव्हेट नट काढताना कॉलर लॉकिंग पकडीने धरा आणि कॉलरपेक्षा बारीक, पण आट्यांपेक्षा मोठ्या बिटने ड्रिल करा. एम-६ ला ९ मिमी. कॉलर सुटली की उरलेला भाग आत पडतो. तो बाहेर काढल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. लोखंडी असेल तर चुंबकाने येईल, अ‍ॅल्युमिनियमचा चुंबकाला लागत नाही, हाताने शोधावा लागेल.

आता भोक मोजा. साध्या गोल रिव्हेट नटाची नेहमीची मापं अशी: एम-५ ला ७ मिमी, एम-६ ला ९, एम-८ ला ११, एम-१० ला १३. व्हर्नियर नसेल तर त्याच मापाच्या ड्रिल बिटची दांडी भोकात घाला. डुगडुगली तर भोक मोठं झालंय. पाव-अर्धा मिमी फारसा वाटत नाही, पण रिव्हेट नटाची फिरण्याविरुद्धची सगळी पकड तेवढ्यातच असते. दुसरी पाहणी: भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड भोकाच्या दुप्पट अंतरावर आहे का? एम-६ ला १८ मिमी. त्याहून जवळ असेल तर नट फुगताना कड बाहेर ढकलतो आणि चीर पडते. अशा ठिकाणी रिव्हेट नट बसवूच नये, कडेवरून सरकवायचा क्लिप नट लावावा. तो स्वस्त आहे, त्याला हत्यार लागत नाही, आणि बॉनेटच्या बाजूच्या पत्र्यांना तोच शोभतो.

पत्र्याचा स्क्रू असेल आणि भोक सैल झालं असेल, तर एकदा पुढच्या जाडीचा स्क्रू चालतो: ४.२ च्या जागी ४.८, ४.८ च्या जागी ५.५. दुसऱ्यांदा सैल झाला की स्क्रूचा नाद सोडून नट बसवा.

६. नवा रिव्हेट नट

हा नट मुळात १९३० च्या दशकात अमेरिकेत, विमानाच्या पंखांवर बर्फ साचू नये म्हणून लावायच्या रबरासाठी निघाला, कारण पंखाच्या मागे हात पोचत नाही. आपल्या बंद पेटीच्या झाकणांची अडचणही तीच. भोक गोल आणि मापात असेल तर तो उत्तम काम करतो, नसेल तर अजिबात नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. धातू: लोखंडी, झिंक केलेला. अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त पडतो, पण युरिया-डीएपीची धूळ आणि ओल असली की लोखंडी पत्र्यातला अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्ला जातो, पांढरी पूड दिसते आणि आटे सुटतात. अंग: बाहेरून रेघा पाडलेला. गुळगुळीत अंगाचा हादऱ्यात फिरतो. षटकोनी आणखी चांगला, पण त्याला षटकोनी भोक लागतं. पकडीची जाडी: पाकिटावर ०.५ ते ३ मिमी अशी छापलेली असते. ती ज्या पत्र्यात नट बसणार त्याच पत्र्याची. दोन पत्रे एकत्र असतील तर बेरीज करा. जाड पत्र्याचा नट पातळ पत्र्यात लावला तर तो पूर्ण चेपत नाही आणि पहिल्याच आवळणीत फिरतो.

भोकाची मागची-पुढची बर (कडेला उरलेलं टोकदार लोखंड) कानशीने किंवा मोठ्या बिटने हलकी काढा, उघड्या लोखंडाला रंगाचा हात द्या. कॉलरखाली रबर किंवा पॅकिंग ठेवू नका. नट मऊ गोष्टीवर बसला की पकड मिळत नाही. पॅकिंग हवं असेल तर ते झाकण आणि कॉलर यांच्यामध्ये.

रिव्हेट नट बसवायची गन नसेल तर: ८.८ ग्रेडचा पूर्ण आट्यांचा ४० मिमी बोल्ट घ्या, त्यावर एक नट डोक्यापर्यंत चढवा, खाली ग्रीस लावलेले दोन वॉशर, आणि बोल्ट रिव्हेट नटात पूर्ण फिरवा. आता बोल्टाचं डोकं एका पान्याने स्थिर धरा आणि मधला नट दुसऱ्या पान्याने खाली आवळा. रिव्हेट नटाचं अंग मागे फुगतं आणि पत्रा पकडतं. किती फेऱ्या? त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर एक नट आधी बसवून मोजा आणि तेवढ्याच द्या. कमी दिल्या तर नट फिरतो, जास्त दिल्या तर आटे ताणले जातात. एक नट वाया गेला तरी चालेल, ही चाचणी चुकवू नका.

७. पट्टी: भोक संपलंय तेव्हा

त्याच भोकात दुसरा रिव्हेट नटही फिरला, भोक लांबट आहे किंवा बारीक चिरा आहेत, तर तिसरा नट आणू नका. एम-६ चं भोक एम-८ करता येतं, पण एकदाच, आणि आजूबाजूचा पत्रा धड असेल तरच. खरा उपाय पट्टी आहे, आणि कष्टाच्या मानाने तोच सगळ्यात जास्त टिकतो.

२५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टीचा ६० ते ७० मिमी तुकडा कापा. मध्यभागी ५ मिमी भोक पाडून एम-६ चा टॅप मारा, तीन आटे मिळतात. झाकण रोज उघडत असेल किंवा एम-८ हवा असेल तर ५ किंवा ६ मिमीची पट्टी घ्या, एम-८ ला टॅपआधी ६.८ मिमी भोक. किंवा पट्टीवर नट वेल्ड करून घ्या, म्हणजे यंत्रावर वेल्डिंग करावं लागत नाही. दोन्ही टोकांना ४.८ मिमीच्या पॉप रिव्हेटसाठी ५ मिमी भोकं. चिरा असतील तर आधी प्रत्येक चिरेच्या टोकाला ३ मिमी भोक पाडा. चीर गोल भोकावर थांबते, टोकदार टोकावरून पुढे धावते. दोन्ही बाजूंना प्रायमर, आणि पट्टी पत्र्याच्या मागे रिव्हेट करा. आता बोल्टाचा जोर एका भोकाच्या कडेऐवजी सगळ्या पट्टीवर पसरतो आणि नट फिरायचा प्रश्न उरत नाही. पेटी पूर्ण बंद असेल आणि पट्टी आत जात नसेल, तर ती बाहेरून लावा. दिसायला वेगळी दिसते, पण काम तेच करते.

८. तोच बोल्ट का?

सगळं बसवल्यावर झाकण बोल्टाशिवाय जागेवर धरून बघा. भोकं आपोआप जुळतात का? एक भोक ५ मिमी लांब राहत असेल आणि झाकण वाकवून बोल्ट घालावा लागत असेल, तर तो बोल्ट दिवसभर पत्रा ओढत बसतो. झाकणाचं भोक लांबवा, त्यावर मोठा वॉशर घाला.

नंतर हादरा. मळणी यंत्राच्या पंख्याच्या पात्याला चिखल चिकटलाय का, एक पातं झिजलंय का, पट्ट्याची कड झाकणाला घासते का, बेअरिंग हाताने डोलतं का? झाकणाच्या बोल्टांचं सैल होणं ही पुष्कळदा बेअरिंग जात असल्याची पहिली खूण असते. पुली हाताने वर-खाली हलवून खेळ जाणवला तर बोल्टाचं काम बाजूला ठेवा आणि आधी बेअरिंग बघा. मडगार्डला जादा लाइट, टूलबॉक्स किंवा बसणाऱ्या माणसाचं वजन लटकवलेलं असेल तर ते वजन अँगलने थेट सांगाड्यावर घ्या.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सीट, सुरक्षा चौकट, पीटीओ शाफ्टचं कव्हर धरणारा ब्रॅकेट, माणूस पाय देतो ती पायरी: यांना रिव्हेट नट किंवा पत्र्याचा स्क्रू लावू नका. कंपनीच्या मापाचा बोल्ट आणि मूळ जागा हवी. ती जागा तुटली असेल तर काम फॅब्रिकेशनवाल्याचं किंवा सर्व्हिस सेंटरचं आहे.

चीर पत्र्यातून सांगाड्याच्या अँगलमध्ये गेली असेल तर थांबा. तिथे नुसता वेल्डिंगचा टाका मारला तर शेजारी दुसरी चीर येते.

डिझेल टाकीजवळ किंवा टाकीवर वेल्डिंग स्वतः करू नका, टाकी रिकामी असली तरी. आतली वाफच पेट घेते. फवारणीच्या टाकीचंही तेच, शिवाय तिथे औषधाचे अंश असतात. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. वेल्डरने आधी जस्त घासून काढायला हवं आणि काम उघड्यावर करायला हवं.

२०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे (इंजिनाच्या धुराचे) नियम लागू आहेत आणि त्यांच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं. अशा ट्रॅक्टरवर बॅटरीच्या तारा न काढता वेल्डिंग केलं तर कंट्रोल युनिट जाऊ शकतं, आणि त्यापुढे बोल्टाचा खर्च काहीच नाही. वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारा.

मळणी यंत्राचं झाकण दुरुस्तीला दिलं असेल तर ते परत येईपर्यंत यंत्र चालवू नका. भारतात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला, त्यामागे मळणी यंत्रांत तुटलेले हात होते. पट्टा आणि पुली उघडी ठेवून ‘आजचा दिवस काढू’ म्हणू नका.

फॅब्रिकेशनवाल्याकडे जाताना झाकण, शेजारचा चांगला असलेला एक बोल्ट आणि पत्र्याची मोजलेली जाडी बरोबर न्या. पेटीच्या आत काय फिरतं आणि आत किती जागा आहे तेही सांगा. त्यावरूनच तो पट्टी आतून लावायची की बाहेरून, हे ठरवतो.